आत्याच्या हातची खीर

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. आईपाशी नाही, विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलते — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझं गाव हिमायतनगरच्या अंगाला. शाळा सातवीतच सुटली. लातूरला आले ती आत्याच्या भरवशावर. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण, एकटीच राहायची. तिनं मला खोलीत जागा दिली, आपल्या ताटातलं वाढलं, किती दिवस राहणार म्हणून कधी विचारलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, हिला आत्याचं काही नव्हतंच. होतं. मग तशी का वागले?

आत्याला कॅन्सर झाला. छातीचा. ऑपरेशन झालं आणि उजवा हात सुजून जड झाला. दवाखान्यात तिच्याबरोबर मीच जायची. तिथं एक मॅडम पेशंटांना प्रश्न विचारून राहिल्या होत्या — या आजारामुळं लोक तुम्हाला दूर करतात का, किती करतात, ते त्यांना मोजायचं होतं. मॅडमची भाषा पुस्तकातली. "लोकांपासून अंतर जाणवतं का?" म्हणल्यावर मुदखेडची एक म्हातारी म्हणाली, "हाव बाई, लई अंतर हाय. रेल्वेनं येतो आम्ही." मला हसू आलं. मी म्हणलं, "आजी, तुमच्या हातचं कुणी खातंय का, ते इचारून राहिल्यात." म्हातारीनं मान खाली घातली आणि मग बोलत सुटली. मॅडमनी मला प्रश्न समजावून विचारायच्या कामावरच घेतलं. सातवी शिकलेल्या पोरीला बसायला खुर्ची! मी रोज लोकांना सांगायची — हा आजार शिवल्यानं होत नाही, ताट वेगळं करू नका.

आणि घरी — थांबा, सांगते.

पौर्णिमेला आत्या विहारात गव्हाची खीर द्यायची. ओले गहू उखळात कांडायचे, पाखडायचे, गूळ घालून शिजवत बसायचं. ऑपरेशननंतर ती डाव्या हातानं कांडायला शिकली. तिला चालवत नव्हतं, म्हणून डबा मी न्यायची.

तो डबा मी विहारात कधी नेलाच नाही.

विहाराच्या अलीकडच्या वळणावर नाली आहे. तिथं ओतायची. डबा नळावर विसळायची, गाड्यावरून केळी घ्यायची आणि विहारात बायांना द्यायची — आत्यानं पाठवल्यात म्हणून. पहिल्या वेळी कुणी बघतंय का म्हणून मागं वळून बघितलं. नंतर तेवढंही नाही.

घरी आले की आत्या डब्याचं झाकण काढून बघायची. "संपली का गं, संगे? गोड कमी तर नव्हती?" "न्हाई आत्या, बोटं चाटून राहिल्या होत्या बाया." तिला इतकं बरं वाटायचं की पुढच्या पौर्णिमेला ती जास्त गहू भिजवायची. तो तसला हात घेऊन.

बाया तिला भेटायला येतो म्हणायच्या. आल्या तर खिरीचं निघणार. मग मी सांगून टाकलं — डॉक्टरांनी कुणाला जवळ येऊ देऊ नका म्हणलंय. त्या आल्या नाहीत. माणसं ऐकतात हो, आजाऱ्याच्या घरचं.

कशाची भीती होती मला? हे तिच्या हातचं म्हणून कळलं तर बाया तोंड फिरवतील, मग आमचं दार टाळतील, मग मी कुठं जाऊ — असं मी स्वतःला सांगायची. पण बायांना मी विचारलं होतं का? आणि ती खीर मी तरी कुठं खात होते? पोट दुखतंय म्हणायची. हा आजार लागत नाही हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही. दिवसभर तेच तर सांगत होते लोकांना.

एक दिवस मॅडमनी आत्यालाही प्रश्नांसाठी बसवलं. विचारणारी मी. तुमच्या हातचं लोक खातात का?

आत्या ताठ बसली. "खात्यात की! अख्खं विहार खातंय. हिलाच इचारा की."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

लोक भेटायला येतात का? आत्यानं सुजलेला हात पदराखाली घेतला. "न्हाई येत. आजारी माणसाजवळ कोण येतंय, बाई?"

मॅडमनी दोन्ही उत्तरं घेतली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निदान तू आहेस तिच्याजवळ." मी बरं म्हणलं. दोन्ही उत्तरं आत्याच्या तोंडून आली, पण घडवली होती मी — पहिलं खोटं होतं आणि दुसऱ्याचा दोष बायांच्या माथी गेला. तेव्हा बोलता आलं असतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, केव्हाही. खुर्ची जाईल, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही आठवत नाही, आठवायला जाते तर काही वाटतही नाही.

आत्या गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारातल्या बाया आल्या. शांताकाकू म्हणून आहेत, विहारात वंदना त्याच घेतात. माझ्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "लई वाट बघायचो बघ तिच्या खिरीची. बंदच केली की गं तिनं. केळ्यावर भागवून राहिली म्हणलं, विसरली आपल्याला. मी तर रुसलेच होते." डोळे पुसले त्यांनी.

मी म्हणलं, "हाताला जमत नव्हतं तिच्या."

"हाव," काकू म्हणाल्या, "तेबी खरंच हाय."

जमत होतं. शेवटच्या पौर्णिमेपर्यंत ती कांडत होती.