पलीकडचा झोत

माझी नणंद फटकळ आहे, तोंडावर सांगते मी. रेडिओ दुर्बिणीच्या कार्यालयात मला तिनेच चिकटवलं, आणि सहा वर्षं माझं एक चित्र धड पास केलं नाही. "डोळे घरी ठेवून आलीस का गं?" असं सगळ्यांदेखत विचारायची. मी दातओठ खात तेच चित्र पुन्हा करायला घ्यायचे.

काम म्हणजे आकाशातून आलेल्या लहरींची चित्रं करायची आणि त्यातला कचरा पुसायचा. हुकूम कुणाचाही असो, नोंदीत नाव पुसणाऱ्याचं.

एकदा एका दीर्घिकेचं चित्र आलं. तिच्या पोटात अजस्र कृष्णविवर होतं. असली कृष्णविवरं कणांचे दोन झोत उलट दिशांना फेकतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. आपल्याकडे येणारा झगझगतो, पलीकडे जाणारा सहसा दिसतच नाही. माझ्या नणंदेला तो पलीकडचा दिसला, पुसटसा डाग. तीन वेगवेगळ्या दिवसांची निरीक्षणं लावून पाहिली, डाग जागचा हलला नाही.

विभागप्रमुख आमच्या दोघींच्या टेबलांमध्ये येऊन उभा राहिला. "समोरच्या झोताचं भूत आहे ते, नुसती खोटी सावली. पुसा."

"साहेब, भूत असतं तर दर दिवशी सरकलं असतं," नणंद म्हणाली.

"पुसा म्हटलं ना!"

तिने पुसलं. चार महिन्यांनी दुसऱ्या गटाने तोच झोत जगापुढे मांडला आणि आमच्या साहेबाने कानांवर हात ठेवले. "मी असं सांगेन कशाला?" म्हणे. निर्लज्ज मेला! चौकशी लागली. तेवीस वर्षांची नोकरी टांगणीला, तरी नणंद समितीला एवढंच म्हणाली, "माझी भावजय शेजारी होती. तिला विचारा."

मला बोलावलं. साहेब समोरच बसला होता. नणंद खिडकीबाहेर बघत होती, इतकी तिला माझी खात्री.

"साहेबांनी पुसायला सांगितलेलं तुम्ही ऐकलंत?"

तिचे सहा वर्षांचे टोमणे आठवले. "माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात तिला काढलं.

माझ्या नवऱ्याला, तिच्या सख्ख्या भावाला, तिने अजून माझ्या साक्षीचं काही सांगितलेलं नाही; नोकरी गेली एवढंच त्याला ठाऊक. रविवारी जेवायला येते, आमटी मागून घेते, त्याच्याशी हसून बोलते. तो मला म्हणतो, "तू होतीस म्हणून ताईला धीर आला असेल." ती मान डोलावते. अहो वन्सं, सांगून टाका ना एकदाचं!