शेवटचं रीळ माझ्या मांडीवर होतं

मेल्यानंतर माणसाचं काय होतं, हा प्रश्न मानवजातीला हजारो वर्षं छळतो आहे. तेवढाच जुना दुसरा प्रश्न म्हणजे गोष्टीच्या शेवटी काय झालं. फरक इतकाच, की पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तरी लोक शांतपणे जगतात. दुसऱ्याचं मिळालं नाही तर खुर्च्या फेकतात. आमच्या गल्लीत सगळे सतरंज्यांवर बसले होते, म्हणून चपला फेकल्या.

वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी नियमित वाचतो आणि नियमित हसतो. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. अपरात्री स्कूटरवरून भरपूर हिंडलो, पण पांढऱ्या साडीतल्या एकाही बाईने मला लिफ्ट मागितली नाही. तेव्हा खाली जे लिहितो आहे ते केवळ नोंद म्हणून. कोणाला याचं स्पष्टीकरण सापडलं तर कळवा... माझं वय बघता जरा लवकर कळवा.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीचं गणेश मंडळ होतं आणि दहा दिवसांत एकदा रस्त्यावर पडदा लावून फुकट सिनेमा दाखवायचा, ही आमची सांस्कृतिक चळवळ होती. सिनेमाची प्रत भाड्याने आणायची म्हणजे खर्च, म्हणून एकच प्रत दोन मंडळांनी वाटून घ्यायची. पहिलं रीळ गुलटेकडीच्या मंडळात आधी लागायचं. ते संपलं की डब्यात घालून सायकलवरून आमच्याकडे. आमच्याकडे ते चालू असताना सायकलवाला परत गुलटेकडीला, दुसरं आणायला. अशी चार रिळं. हा सायकलवाला म्हणजे मी. छातीवर ‘सहचिटणीस’ असा रेशमी फुलाचा बिल्ला होता, काम हमालाचं.

पडदा गल्लीच्या मधोमध बांधलेला असे. त्याच्या एका बाजूला मांडव, प्रोजेक्टर, पुरुषमंडळी आणि शेंगदाणेवाला. दुसऱ्या बाजूला गल्लीचा आतला भाग. तिकडे बायका आपापल्या पायऱ्यांवर बसत, म्हणजे दुधावर आणि झोपलेल्या पोरांवर लक्ष राहायचं. पडदा धोतराच्या कापडाचा, त्यामुळे मागूनही चित्र दिसे, फक्त उलटं. नावं आरशात पाहिल्यासारखी, नायक डावखुरा, आणि साडीचा पदर भलत्याच खांद्यावर. बायकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. आई म्हणायची, “उलटा दिसला म्हणून काही तो दुसऱ्याच बाईशी लग्न करत नाही ना?”

आमच्या समोरच्या खोलीत कुसुमताई राहायच्या. तिशीच्या आतबाहेर. त्यांचे मिस्टर इंदूरला नोकरी बघायला म्हणून गेले, सुरुवातीला पत्रं आली, मग ती थांबली. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. कुसुमताई घरी शिवणकाम करायच्या आणि खोली सोडून फार लांब जायच्या नाहीत. आईने खटपट करून त्यांच्यासाठी एक नोकरी शोधली होती – येरवड्याच्या बाजूला मुलींचं वसतिगृह होतं, तिथे देखरेखीची. पण तिथेच राहावं लागणार होतं. खोली सोडायची. आणि विसर्जनाच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं, कारण वसतिगृहाकडे दुसरी बाई तयार होती.

सिनेमाच्या दिवशी संध्याकाळी मी सायकलला हवा भरत होतो आणि आई पायरीवरून कुसुमताईंना विचारत होती, “कळवलंस का गं?”

“कळवते हो काकू.”

“गणपतीसुद्धा परत जायला निघाला.”

“पण हे आले, आणि दाराला कुलूप दिसलं तर?”

“तर शेजारी विचारतील. इंदूरला तोंड ठेवून येणारेत का?”

कुसुमताई हसल्या, पण कळवलेलं नव्हतं. आई मला म्हणाली, “ही अशीच बसून राहणार बघ.” तिच्या आवाजात चीड होती, पण आईचं ज्यांच्यावर प्रेम असे त्यांच्यावरच ती चिडत असे. माझ्यावर तर रोजच.

सिनेमा मराठी, कृष्णधवल, कौटुंबिक. नाव सांगत नाही. तुम्ही फारसं काही गमावत नाही. नायक घरच्या भांडणातून परागंदा होतो. बायको सासूचं बोलणं खात वाट बघते. तीन रिळं ती वाट बघते. तिसऱ्याच्या शेवटी नायक स्टेशनवर उतरतो, चालत घरी येतो, दारावर थाप मारतो. आतून कडी काढल्याचा आवाज येतो... आणि रीळ संपतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की कुसुमताईंनी हा सिनेमा कसा पाहिला असेल. मंडळाच्या कोणाच्याही ते आधी लक्षात आलं नव्हतं. सिनेमा निवडताना आमचा निकष एकच होता – गुलटेकडीवाले कोणता आणतायत.

चौथं रीळ घेऊन मी निघालो आणि स्वारगेटला मागचं चाक बसलं. दिव्याखाली एक पंक्चरवाला दुकान आवरत होता. त्याला गयावया केलं. सायकल त्याने उलटी केली म्हणून डबा मी मांडीवर घेऊन बसलो. हे मुद्दाम सांगतो. शेवटचं रीळ डब्यात होतं, डबा माझ्या मांडीवर होता आणि मी स्वारगेटला होतो. फिजिक्सच्या दृष्टीने एवढी भक्कम स्थिती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

“कोणता पिक्चर?” पंक्चरवाल्याने विचारलं. मी सांगितलं. “मग? येतो का तो परत?”

“माहीत नाही. शेवट इथे आहे.” मी डब्यावर थाप मारली.

“बघा हं, जाताना सांगून जा.”

इकडे गल्लीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पडदा पांढरा. ऑपरेटरने मशीन बंद केलं आणि तो चहा प्यायला गेला. लोक ओरडायला लागले. तेव्हा आमचे अध्यक्ष तात्यासाहेब पडद्यासमोर उभे राहिले, माईक हातात घेतला आणि रसिकांना धीर देण्यासाठी मंडळाच्या कार्याचा आढावा घेऊ लागले. चपला साधारण तिसऱ्या मुद्द्याला सुरू झाल्या.

मी घामाघूम होऊन पोचलो तेव्हा समोरच्या बाजूला दंगल, पण मागची बाजू शांत. बायका सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. काही घरात गेल्यासुद्धा होत्या.

“आई, थांबा की सगळ्याजणी. रीळ आणलंय!”

“कसलं?”

“शेवटचं!”

“झाला की शेवट,” आई म्हणाली. “छान होता. तू कुठे होतास?”

मला वाटलं चिडून बोलते आहे. मी रीळ दिलं, ऑपरेटरने लावलं, समोरच्या लोकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. दार उघडतं. बायको पाया पडते. सासूला पश्चात्ताप होतो. सत्यनारायण होतो, त्यात सगळे एका रांगेत बसतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडतात. समाप्त. लोक डोळे पुसत घरी गेले. तात्यासाहेबांनी आभार मानायचा प्रयत्न केला, पण तोवर सतरंज्या काढल्या होत्या.

सकाळी चहाच्या वेळी अण्णा – माझे वडील, हे पडद्यापुढे घरची फोल्डिंगची खुर्ची टाकून बसत – म्हणाले, “सत्यनारायणाचा सीन जरा लांबवला.”

“कसला सत्यनारायण?” आई म्हणाली.

आणि मग ते सुरू झालं.

आईचं म्हणणं असं. अध्यक्षांचं भाषण चालू होतं, त्याचा कलकलाट येत होता. पण पडद्यावर दार उघडलं. ती बाई पाया वगैरे पडली नाही, रडली नाही. म्हणाली, “या. बसा. पाणी देते.” पाणी दिलं. मग, पाहुण्याला विचारतात तसं, “जेवून जाणार का?” विचारलं. तो काहीच बोलला नाही. तिने कोपऱ्यातली पिशवी उचलली, किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ज्या दारातून तो आला त्याच दारातून ती निघून गेली. रस्त्यावरून जाताना पाठमोरी दिसली बराच वेळ. समाप्त.

अण्णा कोर्टात कारकून होते. त्यांनी त्या सकाळी नळावर आणि जिन्यात एकेका बाईला वेगळं गाठून उलटतपासणी घेतली. सगळ्यांचं उत्तर तेच. पिशवी कापडी, काठाला शिवलेली. पाणी पितळी भांड्यात.

“कोणत्या हाताने दिलं?” अण्णांनी शेवटी आईला विचारलं. त्यांना वाटलं, इथे पकडू.

“उजव्या.”

“मागून बघत होतात तुम्ही. डावा दिसायला हवा.”

“खरंच की,” आई म्हणाली. “सबंध सिनेमाभर डावखुरी होती. शेवटी मात्र उजव्या हाताने दिलं. आणि ‘समाप्त’सुद्धा सरळ दिसलं. आम्ही वाचलं ना.”

अण्णांनी चहा तसाच ठेवला. घरात असं क्वचित व्हायचं.

त्या बाजूने चित्र सरळ दिसायचं असेल, तर प्रोजेक्टरही त्याच बाजूला हवा. त्या बाजूला पायऱ्या, बायका आणि दुधाची पातेली होती.

मी शास्त्राचा विद्यार्थी. दुपारपर्यंत मी उपपत्ती काढली. मांडवातला दिवा अध्यक्षांच्या मागे... म्हणजे पुढे... असा असणार की त्यांची सावली पडद्यावर पडली. ते हातवारे करत होते. बायकांच्या डोक्यात गोष्ट अर्धी होती. सावलीत त्यांनी उरलेली पाहिली. सामूहिक भ्रम. मी हे जिन्यात उभं राहून नीट समजावून सांगितलं.

आईने ऐकून घेतलं. “अध्यक्षांच्या सावलीला पदर होता का रे?”

कुसुमताई तिथेच उभ्या होत्या. त्या दुपारी पोस्टात जाऊन आल्या, आणि विसर्जनानंतर त्यांनी खोली सोडली. सामान मीच सायकलवरून नेलं, बऱ्याच फेऱ्या करून. सहचिटणीसाचा बिल्ला काढलेला होता, काम तेच होतं. एका फेरीत स्वारगेटला त्या पंक्चरवाल्याला शेवट सांगायला थांबलो. दोन्ही सांगितले, आधी सत्यनारायणाचा, मग आईचा. तो म्हणाला, “दुसराच खरा असेल.”

आणि इथे मी एक कबूल केलं पाहिजे, प्रेक्षक म्हणून. मी खरा शेवट पाहिलेला माणूस आहे, आणि मला तो आता नीट आठवत नाही. न पाहिलेला आठवतो. गल्लीचंही तसंच झालं. वर्षा-दोन वर्षांत पुढे बसलेले लोकसुद्धा ती पाठमोरी बाई सांगायला लागले. आज विचाराल तर त्या रात्री समोर कोणी बसलंच नव्हतं. दीडदोनशे माणसं पाच-सहा पायऱ्यांवर होती. फक्त अण्णा शेवटपर्यंत सत्यनारायणाला धरून राहिले. पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला. आम्ही सगळे बसलो. सत्यनारायण आला तशी आई उठली. “कापलाय,” म्हणाली. “हल्ली सगळं कापतात.”

अण्णा जिंकले होते. पण त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “तुमचा बरा होता.” त्या दोघांच्या संसारात अण्णांनी माघार घेतल्याचा हा एकच प्रसंग मला माहीत आहे.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत, हेही सांगायला हवं, सगळी गल्ली पडद्याच्या मागे बसली. समोर अण्णा, फोल्डिंगची खुर्ची आणि तात्यासाहेब. सिनेमा पौराणिक होता, चारही रिळं वेळेवर आली, आणि सगळ्यांना सगळे देव डावखुरे दिसले.

कुसुमताई निवृत्त होईपर्यंत त्या वसतिगृहात होत्या. आता त्या तिकडेच एका फ्लॅटमध्ये राहतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो. हे सदरासाठी लिहायचं होतं, म्हणून इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच सरळ विचारलं – ताई, तुम्ही त्या रात्री नक्की काय पाहिलंत?

“सगळ्यांनी पाहिलं तेच.”

“पण रीळ माझ्याकडे होतं हो.”

“मग तुम्ही उशीर केलात, एवढंच म्हणता येईल,” त्या म्हणाल्या. त्यांच्यापुढे वसतिगृहाच्या पिढ्यान् पिढ्या मुलींनी सबबी सांगितल्या असणार. माझी तर त्यातली साधीच होती.

जरा वेळाने मी भीत भीत विचारलं, “मिस्टर... कधी आले का?”

“आले ना. मी गेल्यावर तिसऱ्या वर्षी. खोलीवर दुसरे भाडेकरू, त्यांनी तुमच्या आईकडे पाठवलं, काकूंनी पत्ता दिला. दुपारचे वसतिगृहाच्या दारात उभे.”

माझ्या अंगावर काटा आला हे मान्य करतो. “मग?”

“मग काय. या म्हटलं, बसा म्हटलं. पाणी दिलं. जेवून जाणार का विचारलं.”

“आणि?”

“जेवले.”

“परत कधी आले का?”

“नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “त्या दिवशी दुध्याची भाजी होती.”