काळ्या फिल्मवरील रेघ

भगवान धन्वंतरीस वंदन करून, पत्नीच्या खुब्याच्या हाडासंबंधी माझ्या हातून घडलेला प्रमाद लिहावयास बसलो आहे. तिची शस्त्रक्रिया उद्या आहे.

न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी ती घसरली. राणीसावरगावाहून तालुक्याला नेऊन एक्स-रे काढला. फिल्म फार काळी आली होती. डॉक्टर बाहेरगावी होते. ते परतले की दाखवा, असे सहायकाने बजावले. तेवढा धीर मला धरवला नाही. अंगणात ती फिल्म भर उन्हाकडे धरून मी स्वतःच पाहिली. बारीक अक्षरांच्या पोथ्या वाचण्यात जन्म गेलेल्या या डोळ्यांना हाड अखंड दिसले. कृतज्ञतेने फिल्म देवापुढे ठेवली, तिला कुंकू लावले, अक्षता वाहिल्या आणि पत्नीला म्हणालो, "हाड शाबूत आहे. उठून थोडे चालावे."

"अहो, पाय टेकवत न्हाई."

"ती मनाची भीती आहे."

चार दिवस ती भिंत धरून चालली. नैवेद्याचा स्वयंपाकही तिनेच केला. पाचव्या दिवशी तिला उभेच राहवेना, तेव्हा पुन्हा तालुक्याला नेले. डॉक्टर परतले होते.

डॉक्टरांनी फिल्म हाती घेतली. मी म्हणालो, "विशेष काही नसावे. बायका भितात."

"गुरुजी, कुंकू नेमकं खुब्यावरच लावलंत! आता मी हाड बघू का पूजा?"

त्यांनी ओल्या कापसाने डाग पुसला. फिल्म तरीही काळीच. मग त्यांनी खिडकी लावून घेतली, काळ्या पुठ्ठ्याला लहानसे भोक पाडून तो फिल्मवर धरला आणि मागून प्रखर दिवा लावला.

"उन्हात मला अखंड दिसले होते," मी पुटपुटलो.

"चहूकडून उजेड आला की डोळे दिपतात. जेवढं बघायचं तेवढंच उघडं ठेवायचं. या, बघा."

त्या भोकात, हाडावर, केसाएवढी रेघ होती.

"तेव्हाच झोपवून ठेवायला पाहिजे होतं," डॉक्टर हलकेच म्हणाले. "आता हाड सरकलं असणार. नवा फोटो काढू. परभणीला ऑपरेशन करावं लागेल."

बाहेर स्ट्रेचरवरून पत्नीने विचारले, "मी सोंग करत नव्हते ना?"

"नाही. चूक माझी."

"मग आत जाऊन तसं सांगा. बायका भितात म्हणालात, ते मला इथवर ऐकू आलं."

मी आत गेलो आणि तसे सांगितले.

वाचकहो, घरातले कोणी दुखते म्हणेल तेव्हा ते मानण्याची बुद्धी ईश्वर आपणांस देवो, आणि आपल्या कुटुंबातील लहानथोर सर्व निरामय राहोत.