डायलिसिसचं यंत्र रिकामं होतं

नवऱ्याची बदली लखनौला झाली, तेव्हा नागपूरची नोकरी सोडून मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. डेटाबेस सांभाळायचं काम.

त्या सकाळी डायलिसिस विभागातून फोन आला. अ‍ॅप अडकलं होतं. रुग्णाचं नाव टाकलं की नुसतं चक्र फिरायचं, शेवटी एरर यायची. मी खाली गेले. बाकावर पाय सुजलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बेटा, मशीन तो खाली पड़ी है. बिठा क्यों नहीं देते?"

नोंद झाल्याशिवाय कुणाला यंत्रावर घ्यायचं नाही, असा नियम होता. सिस्टर पुन्हा पुन्हा नाव टाकून बघत होती.

वर येऊन मी पाहिलं. सर्व्हर ठीक, नेटवर्क ठीक. वेळा नोंदवायचा तक्ता मात्र कुणीतरी धरून ठेवला होता. एकाच लॉगिनचा बदल अर्धवट चालू होता आणि बाकी सगळ्या नोंदी त्याच्यामागे खोळंबल्या होत्या. ते लॉगिन आमच्या साहेबांचं होतं. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांना आकडे नीटनेटके दिसावेत म्हणून ते चालू डेटाबेसमध्येच जुन्या नोंदी बदलत होते.

मी फोन केला. "सर, आपका अपडेट रोकना पड़ेगा. मरीज़ बैठे हैं."

"मेहमान भी बैठे हैं. थोड़ा रुक जाइए, यार," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी थांबले नाही. त्यांचं काम मधेच तोडलं. खाली नोंदी सुरू झाल्या. ते गृहस्थ आत गेले, त्यांच्या बायकोने जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वर मात्र पाहुण्यांसमोर साहेबांच्या पडद्यावर एरर झळकली.

संध्याकाळी बैठकीत ते शांतपणे म्हणाले, "डेटाबेस मैडम देखती हैं. आज जो हुआ, उनकी लापरवाही से हुआ." टेबलाभोवतीच्या सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. सगळे चहात बिस्किट बुडवत राहिले. माझ्याबरोबर रोज डबा खाणारी मैत्रीणसुद्धा.

घरी, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये, नवरा म्हणाला, "तू बरोबरच केलंस गं. पण वरिष्ठांना दुखवून कसं चालेल?" लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, सॉरी बोल दो ना. बात ख़तम."

मी माफी लिहून दिली. साहेबांनी ती सगळ्या विभागांना पाठवली, आणि माझा डेटाबेसचा पासवर्ड काढून घेतला. आता मी नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना अ‍ॅप कसं वापरायचं ते शिकवते. पहिल्याच दिवशी त्यांना नियम सांगावा लागतो, नोंदीशिवाय यंत्र द्यायचं नाही. मी तो सांगते.