वरून ओतलेलं पाणी

पितळी तांब्या हातात आला की मला जळगाव जामोदचं आमचं टिनाचं प्रार्थनाघर आठवतं. सदुसष्टच्या उन्हाळ्यात रेडिओवर यरुशलेमच्या लढाईची बातमी आली, आणि पाळकसाहेबांनी बायबलातलं यिर्मयाचं पुस्तक उघडून सांगितलं, की विखुरलेल्या इस्राएल लोकांना देव वचनाप्रमाणे घरी आणतो आहे. आई ख्रिस्ती झाली तेव्हापासून तिचं माहेर तुटलं होतं. ती म्हणाली, "त्याइले परत आणलं, मंग मले काऊन नाही आणणार?" दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ती एसटीनं माहेरी उंद्रीला गेली. मामानं दारातच थांबवलं. ओट्याखाली, तापल्या मातीत उभं राहून आईनं ओंजळ धरली आणि मामानं विटाळ नको म्हणून तांब्यातून वरून पाणी ओतलं. ती अर्धंच प्यायली. रविवारी पाळकसाहेबांनी समजावलं, "बाई, परतणं म्हणजे माहेरी जाणं नव्हे. त्याच अध्यायात पुढं आहे, नवा करार देव काळजावर लिहितो." "लिहिला असन जी," आई म्हणाली, "पण माह्या भावाले तो दिसला नाही." आता तो अध्याय मंडळीला मीच समजावून सांगतो, करारापर्यंत नीट येतो, आणि मग मला नुसती आईची ती ओली ओंजळ दिसत राहते.