फळा वाळेपर्यंत

वर्गात आल्यावर मास्टरजी आधी फळा पुसत. डस्टरनं नव्हे, ओल्या फडक्यानं, वरून खाली, सावकाश. मग फडकं पिळून खिडकीच्या गजावर टाकत आणि हात मागे बांधून फळा वाळायची वाट बघत उभे राहत. तोवर वर्गात चकार शब्द नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझी नुसती चुळबुळ झाली. मी मूळची साताऱ्याची, लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आणि स्वभावानं महाउतावळी. कधी सुरू करणार, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "ज़रा सूखने दीजिए, मैडम. गीले पर लिखा पीछे वाली को नहीं दिखता."

रामसनेही मास्टरजी अलीगंजमधल्या मुलींच्या एका लहान शाळेत दहावीला गणित शिकवत. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. वर्गात बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुली. गणितात राहिली की त्या मुलीचं शिक्षण तिथंच संपायचं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे ही शेवटची तुकडी सगळीच्या सगळी पास व्हावी, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. त्याच सुमारास आमच्या संस्थेनं शाळेला डिजिटल बोर्ड द्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच हौसेनं घेतलं.

मला वाटलं, म्हातारा मोडता घालणार. उलट बोर्ड शिकायला ते रोज संध्याकाळी सायकल मारत विकास नगरला आमच्या घरी यायला लागले. लॅपटॉपवर मी दाखवलेली एकेक पायरी वहीत उतरवून घ्यायचे. पडद्यावर शंकू आडवा कापला आणि आतलं वर्तुळ दिसलं, तेव्हा चष्मा काढून हसत सुटले. "हम तो तीस साल मूली काटते रहे!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी येताना खरंच मुळे घेऊन आले, भाजीसाठी.

त्यांनी मागितलं ते एवढंच, की बोर्ड बाजूच्या भिंतीवर लावा, फळा राहू द्या. विजेचा भरवसा नाही आणि शाळेत इन्व्हर्टर नाही, हे त्यांचं कारण. मी ऐकलं नाही. बाजूच्या भिंतीवर उद्घाटनाचा फोटो नीट येणार नव्हता, हे एक. शिवाय फळा समोर दिसत राहिला तर तुम्ही लोक बोर्डाला हात लावणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. बोर्ड थेट फळ्यावर ठोकायचं ठरलं. बसवणारे आले तेव्हा मास्टरजी ओलं फडकं घेऊन पुढे झाले, तर मीच अडवलं. म्हटलं, राहू द्या, आता झाकलाच जाणार आहे.

ऑगस्टमध्ये अहवालासाठी फोटो काढायला गेले, तर वीज गेलेली आणि वर्ग रिकामा. मास्टरजी व्हरांड्यात खाली बसून सिमेंटच्या जमिनीवर खडूनं गणित सोडवत होते. मुली भोवती कोंडाळं करून उभ्या, मागच्या जणी टाचा उंचावून बघतायत. मला पाहून ते भिंतीला धरून कसेबसे उठले. गुडघे कामातून गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते लपवायला मी उलट त्यांनाच विचारलं, की मला सांगितलं का नाही?

"बताया तो था, मैडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी इन्व्हर्टरचा प्रस्ताव टाकला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. खरं तर दुसरा फळा आणून देणं एका दुपारचं काम होतं. पण फळा मागायचा म्हणजे आपला उपक्रम फसला असं लिहून द्यायचं, आणि तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. डिसेंबरात मास्टरजींना खाली बसणंच अशक्य झालं. ते रजेवर गेले आणि रजेतच निवृत्त झाले. त्या तुकडीतल्या पाच मुली गणितात राहिल्या. त्यांची नावं मला आजही पाठ आहेत.

गेल्या थंडीत मास्टरजी आलमबागला मुलाच्या घरी वारले. मला आठवड्यानं कळलं. त्यानंतर मी सुतार घेऊन शाळेत गेले आणि बोर्ड बाजूच्या भिंतीवर हलवायला लावला. कुणाची परवानगी घेतली नाही.

मागे फळा तसाच होता. चार भोकं, आणि मधोमध मास्टरजींच्या ठसठशीत अक्षरात शंकूच्या घनफळाचं अर्धं सोडवलेलं गणित. खाली लिहिलं होतं, 'कल पूरा करेंगे'.

वर्ग भरलेला होता. नव्या शिक्षिका खडू घेऊन उभ्या होत्या. मी फडकं ओलं केलं आणि वरून खाली, सावकाश, सगळा फळा पुसला. डोळ्यांना धार लागली होती. पुसून झाल्याबरोबर शिक्षिका लिहायला पुढे आल्या.

"ज़रा सूखने दीजिए," मी म्हटलं.