हातोडेबाईंच्या वहीतलं शेवटचं नाव

हातोडेबाई कुणालाही माफ करत नसत. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण पर्समधून दगड फोडायचा हातोडा कायम डोकावत असे, म्हणून ठाण्याच्या आमच्या कॉलेजात हे नाव पडलं. बाई जिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होत्या. हातोड्याशेजारी एक शंभर पानी वही असे. एखाद्या अपंग मुलाला "तुला जमणार नाही" असं कुणी म्हटलं, की म्हणणाऱ्याचं नाव आणि वाक्य त्या वहीत शब्दशः उतरे. पहिलं पान त्यांच्या बहिऱ्या भावाला परत पाठवणाऱ्या हेडमास्तरांचं होतं. "राग डोक्यात ठेवला की विरतो," बाई म्हणत. "लिहिला की टिकतो."

ऐंशीच्या दशकात मी तिथे बी.एस्सी.ला होते. उजवा पाय पोलिओचा, त्याला लोखंडी कॅलिपर. सहलीची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. क्षेत्रभेटीची डायरी नसेल तर प्रात्यक्षिकाला बसता येत नसे, म्हणजे वर्ष गेलं. मी विभागप्रमुखांकडे गेले. ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "दगड बघायला चाललोय, पालखी घेऊन नाही. तू विषय बदल."

बाई कोपऱ्यात नमुने पुसत होत्या. त्यांनी शांतपणे वही उघडली. "सर, जरा सावकाश. पालखीच्या आधी काय म्हणालात?"

पुढचे चार रविवार आम्ही रिक्षाने शीळफाट्याजवळच्या खाणीत गेलो. "डोंगर चढल्याशिवाय दगड दिसत नाही, हा चढणाऱ्यांचा समज," बाई म्हणाल्या. "खाणवाल्यांनी डोंगर कापून रिक्षाच्या दारात आणून ठेवलाय." दर शनिवारी त्या मला यादी करायला लावत: टेप, खडू, भिंग, होकायंत्र, पाणी, कॅलिपरचा जादा पट्टा. माझी यादीची सवय तिथली. मी स्टुलावर बसून मोजायचे, बाई कड्याला टेप लावायच्या. मुकादम म्हणाला, "बाई, या ताईंना कशाला धुळीत आणता?" बाईंनी त्याचंही नाव विचारलं. तो बिचारा तेव्हापासून स्टूल स्वतः उचलून आणू लागला. लाव्ह्याच्या दोन काळ्या थरांमध्ये, त्या उष्णतेने भाजलेल्या लाल मातीचा वीतभर पट्टा होता. तो मी टोकापासून टोकापर्यंत मोजून काढला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. बाकीच्यांच्या डायऱ्या एकसारख्या होत्या. घाटातल्या सहलीत दिवसभर अंताक्षरी आणि रात्री एकमेकांचं बघून लेखन. माझी डायरी परीक्षकांनी दोनदा वाचली आणि विभागप्रमुखांना विचारलं, "हा लाल थर नेमका कुठे आहे?" सरांना सांगता येईना. थर त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर होता. "पुढच्या वर्षी पोरांना तिथेच न्या," परीक्षक म्हणाले.

पुढच्या वर्षी सहल शीळफाट्यालाच गेली. बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "दाखव आता सगळ्यांना." पांढऱ्या शर्टातले विभागप्रमुख धुळीत उभे राहून मी सांगितलेली मापं उतरवून घेत होते. ते सुख मी अजून जपून ठेवलंय. परत येताना बाईंनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "मार रेघ. वाक्य खोटं ठरलं की नाव खोडायचं. आणि ज्याला नकार मिळाला, त्यानेच खोडायचं."

"सरांनी माफी नको मागायला?"

"माफी घेऊन ठेवू कुठे? कपाटात दगड आहेत."

नव्वदच्या दशकात मी कल्याणच्या एका कॉलेजात शिकवू लागले. जूनमध्ये डोंबिवलीहून मंगल नावाची मुलगी वडिलांबरोबर आली. तिला अजिबात दिसत नव्हतं आणि तिला जिऑलॉजी घ्यायची होती. मी तिला दुखवलं नाही. नीटपणे कागद घेतला आणि का जमणार नाही याचे पाच मुद्दे लिहून दिले: मायक्रोस्कोप, नकाशे, खनिजांचे रंग, क्षेत्रभेट, परीक्षेचे नियम. वडिलांनी घडी घालून कागद खिशात ठेवला.

कुणाच्या तरी सांगण्यावरून ते बापलेक ठाण्याला, आता निवृत्त झालेल्या हातोडेबाईंकडे पोचले. आठवड्याने बाईंचा फोन आला. "तुझी यादी मिळाली. अक्षर सुरेख आहे. वहीत उतरवून घेतली."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. जमिनीवर दगड मांडले होते. मंगल एकेक तळहातावर तोलत होती, नखाने कोरत होती. "बाई, हा जिभेला चिकटतो."

"मग चिकणमाती. पुढचा." बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू उभी का? सुतळी काप. नकाशातल्या उंचीच्या रेषा चिकटवायच्यात."

मी मंगलला प्रवेश दिला आणि दोन वर्षं दर रविवारी सुतळी कापली. बाई माझ्याशी कामापुरतं बोलत. मला वाटे, एक दिवस वही पुढे करतील. पण मंगलच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी बाई गेल्या. त्यांच्या पुतणीने हातोडा मंगलला दिला आणि वही मला. बहुतेक पानांवर लाल रेघा होत्या. शेवटचं नाव माझं, खाली पाच मुद्दे. त्यावर रेघ नव्हती.

निकालात मंगल प्रात्यक्षिकात वर्गात पहिली आली. मी वही आणि लाल पेन्सिल तिच्यासमोर ठेवली, तिचं बोट माझ्या नावावर नेलं. बाई बॉलपेन दाबून लिहीत. मंगलने पान उलटलं, मागे उमटलेले उंचवटे चाचपले आणि पेन्सिल मला परत दिली.

"राहू दे, मॅडम. पहिला मुद्दा मायक्रोस्कोपचा होता ना? तो पेपर शेवटच्या वर्षाला आहे."

वही तिने आपल्या पिशवीत टाकली, हातोड्याशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूर्तिकाराकडे जाऊन पाच किलो शाडू आणली. मायक्रोस्कोपखाली जे दिसतं, ते हाताला लागेल एवढं करायला बसले.